बिल कुणाच्या नावावर फाडायचं?

माझं आजोळ गुहागर तालुक्यातलं. लहानपणी मे महिन्यात मामाकडे गेलो की अंजनवेलच्या बाजूला एन्रॉनच्या चिमण्या दिसायच्या. कंपनी बुडाली २००१ साली, तेव्हा मी बालवाडीत होतो. पुढे प्रकल्पाचा मालक बदलला, नाव बदललं. पण गावाच्या लेखी तो आजही 'एन्रॉन'च.

मार्च २०१८मध्ये मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होतो, प्रोजेक्टच्या नावाने बोंब होती, आणि मामाचा मेसेज आला: 'अमेरिकेचा गॅस आला रे आपल्या एन्रॉनला.' मी म्हटलं, मामा काहीतरी उलटसुलट ऐकून आलाय. पण बातमी खरी होती. लुइझियानातल्या सबीन पास बंदरातून द्रवरूप नैसर्गिक वायू, म्हणजे एलएनजी, भरून निघालेलं 'मेरिडियन स्पिरिट' नावाचं जहाज दाभोळच्या टर्मिनलला लागलं होतं. गेलने २०११मध्ये अमेरिकन कंपनीशी २० वर्षांचा करार केला होता, वर्षाला ३५ लाख टनांचा. त्यातली ही पहिली खेप.

गंमत बघा. एन्रॉन ही टेक्ससची कंपनी नव्वदच्या दशकात आपल्याला वीज विकायला आली, तेव्हा गॅस आणायचा होता ओमान आणि अबू धाबीहून. अमेरिकेतून गॅस येईल असं कुणी म्हटलं असतं तर लोक हसले असते. ते सबीन पासचं टर्मिनलसुद्धा २००८मध्ये सुरू झालं ते गॅस आयात करायला! अमेरिकेचा गॅस संपत चाललाय म्हणून अब्जावधी डॉलर्स ओतून बांधलेलं. आठच वर्षांनी, फेब्रुवारी २०१६मध्ये, तिथूनच निर्यात सुरू झाली. २०२३मध्ये अमेरिका जगातला सगळ्यात मोठा एलएनजी निर्यातदार झाला होता.

मधल्या काळात झालं काय? उत्तर एका शब्दात द्यायचं तर फ्रॅकिंग. पण एका शब्दात उत्तर द्यायचं असतं तर मी शनिवारची झोप कशाला मोडली असती?

आपलं जलभंजन

फ्रॅकिंग म्हणजे काय हे समजायला अमेरिकेला जायची गरज नाही. गावातल्या हातपंपाचं पाणी आटलं की आपल्याकडे भूजल सर्वेक्षण खात्याची गाडी येते आणि बोअरमध्ये प्रचंड दाबाने पाणी सोडते. खडकातल्या बारीक भेगा मोकळ्या होतात, आजूबाजूचं पाणी बोअरकडे यायला लागतं. सरकारी कागदांत याला 'जलभंजन' असा भारदस्त शब्द आहे. फ्रॅकिंग हे त्याचंच राक्षसी भावंडं. खोली दोन-अडीच किलोमीटर. पाण्यात वाळू आणि रसायनं. वाळू कशाला, तर उघडलेल्या भेगा पुन्हा मिटू नयेत म्हणून. आणि पाणी किती, तर बार्नेट किंवा मार्सेलसच्या सुरुवातीच्या वर्षांत एका विहिरीला एक-दोन कोटी लिटर. दहा हजार लिटरचा टँकर धरला तर हजार ते दोन हजार टँकर. नंतरच्या लांबलचक विहिरींना याहूनही जास्त.

हे सगळं शेल नावाच्या खडकासाठी. शेलमध्ये गॅस भरपूर असतो, पण खडक इतका घट्ट की तो बाहेरच येत नाही. खडक फोडायला हवा, हे लोकांना दीडशे वर्षांपासून कळत होतं. प्रश्न होता कशाने फोडायचा, आणि त्याहून मोठा प्रश्न, कितीत फोडायचा.

टॉर्पेडोपासून अणुबॉम्बपर्यंत

पहिला मानकरी एडवर्ड रॉबर्ट्स. अमेरिकन यादवी युद्धात फ्रेडरिक्सबर्गच्या लढाईत त्याने पाण्यात फुटणारे तोफगोळे पाहिले आणि डोक्यात किडा शिरला. १८६५मध्ये त्याने पेटंट घेतलं: विहिरीत स्फोटकांचा 'टॉर्पेडो' सोडायचा, वर पाणी भरायचं म्हणजे स्फोटाचा जोर वर न जाता खडकात जातो, आणि उडवून द्यायचा. पेनसिल्व्हेनियातल्या तेलविहिरी भराभर वाहायला लागल्या. रॉबर्ट्स फी घ्यायचा, वर वाढलेल्या उत्पादनाचा पंधरावा हिस्साही मागायचा. ते परवडेना म्हणून लोक रात्री गुपचूप, नायट्रोग्लिसरीनचे डबे घेऊन, आपले आपण स्फोट करायला लागले. त्यांना म्हणायचे 'मूनलायटर'. २०२२मध्ये आपल्या आयटीत मूनलायटिंगवरून केवढा गदारोळ झाला होता, आठवतंय? आपल्याला निदान जिवाची भीती तरी नव्हती!

१९४७मध्ये स्टॅनोलिंड कंपनीने कॅन्ससमधल्या ह्यूगटन गॅसक्षेत्रात स्फोटकांऐवजी दाब वापरून पाहिला. द्रव होता घट्ट केलेलं पेट्रोल. प्रयोग काही खास जमला नाही, पण दिशा बरोबर होती. १९४९मध्ये हॅलिबर्टनने परवाना घेऊन हा धंदा सुरू केला. म्हणजे फ्रॅकिंग ही कालपरवाची गोष्ट नाही, हे कंपन्यांचे लोक वादात नेहमी सांगतात ते खरं आहे. ते अर्धंच कसं खरं आहे, ते पुढे येईल.

मधला एक प्रयोग मात्र सांगितलाच पाहिजे. १० डिसेंबर १९६७ला अमेरिकन सरकारने न्यू मेक्सिकोत गॅस काढण्यासाठी जमिनीखाली २९ किलोटनांचा अणुबॉम्ब फोडला. हिरोशिमाच्या जवळजवळ दुप्पट. प्रकल्पाचं नाव 'गॅसबग्गी'. मी वाचल्यावर आधी कुणीतरी थट्टा करतंय असंच वाटलं. गॅस आला की हो! फक्त तो किरणोत्सारी होता, त्यामुळे विकता येईना. तरीही कोलोरॅडोत १९६९ आणि १९७३मध्ये पुन्हा असेच स्फोट केले. एवढा जीव का काढत होते? तर गॅसचा तुटवडा. १९५४च्या एका कोर्टाच्या निकालानंतर आंतरराज्य विक्रीच्या गॅसचे भाव सरकारने बांधून ठेवले होते. भाव मिळत नाही म्हणून नवीन विहिरी कमी झाल्या, आणि १९७६-७७च्या कडाक्याच्या थंडीत गॅसअभावी शाळा आणि कारखाने बंद ठेवायची पाळी आली. मग सरकारने १९७८मध्ये भाव हळूहळू मोकळे करायला घेतले, शेलच्या संशोधनावर पैसे लावले आणि १९८०मध्ये अवघड खडकातल्या गॅसला करसवलत दिली. 'सगळं खाजगी उद्योजकांनी केलं' असं म्हणणाऱ्यांनी हा भाग सोयीस्करपणे गाळलेला असतो.

मेंढपाळाचा मुलगा आणि पातळ झालेलं जेल

आता आपला नायक. जॉर्ज मिचेल. बाप ग्रीसमधून आलेला, तिकडे शेळ्या राखणारा, आडनाव पारास्केवोपुलोस. रेल्वेवर मजुरी करताना पगार वाटणाऱ्या कारकुनाला ते उच्चारता येईना, म्हणून त्याने स्वतःचंच मिचेल हे नाव याला देऊन टाकलं. पोरगा टेक्ससमध्ये इंजिनिअर झाला, गॅसची कंपनी काढली. शिकागोला गॅस पुरवायचा मोठा करार त्याच्याकडे होता आणि जुन्या विहिरी आटत चालल्या होत्या. म्हणून १९८१पासून तो फोर्ट वर्थजवळच्या बार्नेट शेलच्या मागे लागला. सतरा वर्षं पैसे घालत राहिला. कंपनीतलेच लोक म्हणायचे, म्हाताऱ्याचा हट्ट आहे.

तेव्हाची पद्धत म्हणजे पाण्यात दाट जेल मिसळायचं. दाट द्रव वाळू खोलवर वाहून नेतो, असं पाठ्यपुस्तक सांगायचं. जेल महाग. १९९७मध्ये निक स्टाइन्सबर्गर नावाचा तिशीतला इंजिनिअर या विहिरी सांभाळत होता. एका कामात जेल नीट जमलंच नाही, पातळ पाणीच खाली गेलं. विहीर तरीही बरी चालली. इतर कुणी 'व्हेंडरची चूक' म्हणून तिकीट बंद केलं असतं. हा विचार करत बसला. दुसऱ्या एका कंपनीतले लोक वेगळ्या खडकात जवळजवळ नुसतंच पाणी वापरतात हे त्याला कळलं, आणि त्याने वरिष्ठांकडे तेच करून पाहायची परवानगी मागितली. पहिल्या काही विहिरी फुकट गेल्या. १९९८मध्ये 'एस. एच. ग्रिफिन नंबर ४' या विहिरीने मात्र कमाल केली. गॅस जास्त, तोही जास्त दिवस, आणि खर्च जेलपेक्षा कितीतरी कमी. पाणी, थोडी वाळू आणि घर्षण कमी करणारी थोडी रसायनं. बस्स. मिचेल तेव्हा ७९ वर्षांचा होता.

मला या गोष्टीत सगळ्यात भावतं ते हे की हा शोध मुळात खर्च कमी करण्याचा होता. खडक फोडता येतो हे सगळ्यांना माहीत होतं. तो स्वस्तात फोडता येतो हे नवीन होतं. २००२मध्ये डेव्हन कंपनीने मिचेलची कंपनी तीन अब्ज डॉलर्सहून जास्त देऊन विकत घेतली आणि त्याच्या जोडीला आडवं ड्रिलिंग आणलं. दोन किलोमीटर खाली गेल्यावर ड्रिल वळवायचं आणि शेलच्या थरातून आडवं न्यायचं. जुनं फ्रॅकिंग आणि हे फ्रॅकिंग यांच्यातला फरक इथे आहे. तंत्राचं नाव तेच, पण पाणी, दाब, ट्रक आणि विहिरींची संख्या सगळंच वेगळ्या मापाचं.

२००८मध्ये अमेरिकेत गॅसचा सरासरी घाऊक भाव दहा लाख बीटीयूला नऊ डॉलर्सच्या आसपास होता. २०१२मध्ये तो तीन डॉलर्सच्या खाली आला. घरं गरम ठेवणं स्वस्त झालं, खतांचे आणि रसायनांचे कारखाने खूष झाले. विजेत कोळशाचा वाटा २००५मध्ये निम्मा होता तो २०२३पर्यंत १६ टक्क्यांवर आला, आणि वीजनिर्मितीतला कार्बन डायऑक्साइड सुमारे ४० टक्क्यांनी घटला. पवन आणि सौर ऊर्जेचाही त्यात हात आहे, पण मोठा वाटा स्वस्त गॅसचा.

जाता जाता, दाट जेल काही पूर्ण हद्दपार झालं नव्हतं. शेलमधून तेल काढताना ते लागायचं, आणि ते बनतं गवारीच्या बियांच्या पिठापासून. हो, आपली भाजीची गवार! २०११-१२मध्ये राजस्थानात गवारीचे भाव असे भडकले की मार्च २०१२मध्ये सरकारला वायदे बाजारातले गवारीचे व्यवहार थांबवावे लागले.

पेटते नळ

आता दुसरी बाजू. १ जानेवारी २००९. पेनसिल्व्हेनियातलं डिमॉक नावाचं खेडं. एका घराच्या पाण्याच्या विहिरीत स्फोट झाला. पाण्यात मिथेन साठला होता. आजूबाजूला कॅबट कंपनी गॅससाठी ड्रिलिंग करत होती. पुढच्या वर्षी 'गॅसलँड' हा माहितीपट आला आणि नळाच्या पाण्याला काडी लावली की भडका उडतो, हे दृश्य जगाने पाहिलं. कंपन्यांनी ओरडा केला की पाण्यातला मिथेन नैसर्गिकच असतो. माहितीपटातल्या कोलोरॅडोच्या त्या नळाबाबत राज्याच्या तज्ज्ञांनीही तेच सांगितलं. मग खरं काय?

२०११मध्ये ड्यूक विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी ईशान्य पेनसिल्व्हेनियातल्या पाण्याच्या विहिरी तपासल्या. गॅसविहिरींच्या जवळच्या पाण्यात मिथेन सरासरी १७ पट. पण फ्रॅकिंगच्या द्रवाचा मागमूस नाही. मला वाटतं सगळ्या वादाची किल्ली या दोन वाक्यांत आहे. दोन किलोमीटर खाली पाडलेली भेग वर पिण्याच्या पाण्यापर्यंत येत नव्हती. गॅस येत होता तो विहिरीच्या बाजूने. लोखंडी पाइप आणि खडक यांच्यामधला सिमेंटचा थर नीट बसला नसेल, तर ती फटच गॅसचा जिना होते. म्हणजे दोष फ्रॅकिंगच्या अफाट तंत्रात नव्हता, गवंडीकामात होता.

बाकीच्या दुखण्यांचंही तसंच. ओक्लाहोमात वर्षाला तीन रिश्टरच्या वरचे एक-दोन भूकंप व्हायचे, २०१५मध्ये ते सुमारे ९०० झाले. कारण? तेल-गॅसबरोबर खडकातून वर येणारं खारट पाणी. ते शुद्ध करणं महाग, म्हणून पुन्हा खोल विहिरींत ढकलायचे, आणि झोपलेले प्रस्तरभंग जागे व्हायचे. सरकारने किती पाणी ढकलायचं यावर मर्यादा घातल्या, तसे भूकंप वर्षागणिक कमी होत गेले. हवामानाचं म्हणाल तर मिथेन २० वर्षांच्या हिशोबात कार्बन डायऑक्साइडच्या ८० पटींहून जास्त उष्णता धरून ठेवतो. २०१८च्या एका मोठ्या अभ्यासात गळती सरकारी आकड्यांपेक्षा ६० टक्क्यांनी जास्त निघाली. कोळसा सोडून मिळवलेलं पुण्य सैल व्हॉल्व्हमधून उडून जात होतं.

सिमेंट, सांडपाणी, व्हॉल्व्ह. तिन्ही कंटाळवाण्या गोष्टी, तिन्हींवर उपाय माहीत असलेले, आणि तिन्हींना पैसे लागतात. मग केलं का नाही? कारण न केल्याचं बिल दुसऱ्याच्या नावावर फाटत होतं. २००५च्या ऊर्जा कायद्याने तर, डिझेलचा वापर सोडला, तर फ्रॅकिंगला पिण्याच्या पाण्याच्या केंद्रीय सुरक्षा कायद्यातून सूटच दिली. उपाध्यक्ष डिक चेनी हे आधी हॅलिबर्टनचे प्रमुख होते, म्हणून लोकांनी त्या सवलतीला 'हॅलिबर्टनची पळवाट' असं नाव ठेवलं.

भांडण मग 'हो की नाही' असं पेटलं. न्यूयॉर्क राज्याने २०१४मध्ये बंदी जाहीर केली, शेजारच्या पेनसिल्व्हेनियात विहिरी चालूच. खडक तोच, मध्ये फक्त राज्याची सीमा. बार्नेट शेलवरच्या डेन्टन शहराने नोव्हेंबर २०१४मध्ये मतदान करून बंदी घातली, टेक्ससच्या विधिमंडळाने सहा महिन्यांत ती उलटवली.

आणि आपला म्हातारा नायक? ऑगस्ट २०१२मध्ये, वयाच्या ९३व्या वर्षी, जॉर्ज मिचेलने न्यूयॉर्कचे महापौर ब्लूमबर्ग यांच्यासोबत वॉशिंग्टन पोस्टमध्ये लेख लिहिला. म्हणणं असं की फ्रॅकिंग हवं, पण त्यावर कडक नियम हवेत. ज्याने सतरा वर्षं खर्च कमी करण्यासाठी धडपड केली, तोच शेवटी सांगत होता की थोडा खर्च वाढवा. पुढच्या वर्षी तो गेला.

'आधी तपासलंच नव्हतं'

२०२३मध्ये मी सहा महिने ऑनसाइट पिट्सबर्गला होतो. टीममध्ये एक जण पेनसिल्व्हेनियाच्याच खेड्यातला. तिकडे जमिनीखालचं खनिज बहुधा जमीनमालकाचं असतं, आपल्यासारखं सरकारचं नाही. त्याच्या आईवडिलांनी २००८मध्ये एका कंपनीला जमीन लीजवर दिली होती. 'माझं कॉलेज त्याच चेकवर झालं,' तो म्हणाला. मग सहज सांगितलं की आई पिण्याचं पाणी मात्र दुकानातून आणते, विहिरीच्या पाण्याला वास येतो.

'ड्रिलिंगमुळे?' मी विचारलं.

'कोण जाणे. आधी कधी तपासलंच नव्हतं.'

मी गप्प झालो. सिस्टिम कोसळल्यावर लॉग मागावेत आणि लॉगिंग कधी चालूच केलं नव्हतं असं कळावं, तसं झालं. कंपनीला दोष देता येत नाही, निर्दोष म्हणता येत नाही. चौदा-पंधरा वर्षं ती बाई बाटल्या उचलतेय, आणि ते बिल कुणाच्याच खात्यात दिसत नाही. माझ्या फ्लॅटच्या गॅसबिलात पुरवठा, वितरण, स्थिर आकार असे रकाने होते. तो एक रकाना नव्हता.

डिमॉकचं बिल शेवटी फाटलं, चौदा वर्षांनी. नोव्हेंबर २०२२मध्ये कॅबटच्या वारसदार कंपनीने कोर्टात आरोपाला विरोध करणार नाही असं सांगितलं आणि नव्या नळयोजनेसाठी १.६ कोटी डॉलर्सहून जास्त रक्कम द्यायचं कबूल केलं. शिवाय त्या घरांची ७५ वर्षांची पाणीपट्टी. त्या पैशांत सुरुवातीलाच किती विहिरींना चांगलं सिमेंट लागलं असतं, हा हिशोब मला राहून राहून करावासा वाटतो.

आणि नियमाने काय होतं तेही तिथेच दिसलं. २०१२च्या राज्याच्या कायद्याने ठरवलं की गॅसविहिरीपासून २,५०० फुटांच्या आत वर्षभरात पाणी बिघडलं तर दोष कंपनीचाच धरायचा, नसेल तर तिने सिद्ध करावं. झालं! ड्रिलिंगआधी पाण्याचे नमुने घेणं एकदम कंपन्यांच्याच हिताचं ठरलं. तंत्र तेच, खडक तोच. बिलावर नाव तेवढं आलं.

परत यायच्या आधी त्या मित्राने सांगितलं की शेताच्या दुसऱ्या तुकड्यासाठी नवीन कंपनी विचारतेय. 'देणार?' मी विचारलं. 'बाबा देणार म्हणतायत. पण आईने आधी पाणी तपासून आणलं. रिपोर्ट फाइलला लावलाय, मगच सही.'

असो. उद्या सोमवार. मामाला हे सगळं फोनवर सांगितलं तर त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, 'म्हणजे आमचा बोअर त्या जलभंजनवाल्यांनी फोडला, त्याच्या आधी पाणी तपासलं होतं का रे कुणी?'